चौंडीच्या लेकीच्या इंदुरात बनलं 'मुक्त इलेक्ट्रॉन लेझर'. आठवड्याला एक पाऊल पुढं सरकणारं हे यंत्र नेमकं आहे तरी काय?

अहिल्यानगर : जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांच्या घरी सून म्हणून गेल्या आणि आपल्या जिल्ह्याचं माळव्याशी कायमचं नातं जुळलं. आजही नगरहून मनमाड, धुळे, सेंधवा करत इंदूरला जाणाऱ्या गाड्यांत आपल्याकडचे व्यापारी, पाहुणेरावळे, कामाला जाणारी पोरं दिसतात. इंदूरचा राजवाडा, सराफा, पोहे-जिलेबी हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच शहराच्या कडेला केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाची एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिथं देशातल्या शास्त्रज्ञांनी आणि कारागिरांनी मिळून एक वेगळ्याच जातीचा लेझर उभा केला आहे. त्याची चर्चा मात्र आपल्याकडं फारशी होत नाही.

या लेझरचं नाव 'फ्री इलेक्ट्रॉन लेझर', म्हणजे मुक्त इलेक्ट्रॉन लेझर. असं यंत्र एका दिवसात उभं राहत नाही. कित्येक वर्षं दर आठवड्याला थोडं थोडं काम पुढं जातं, कधी कधी तर मागंही येतं. हे यंत्र चालतं कसं, ते बांधताना आठवड्याभरात काय काम होतं आणि त्याचा आपल्यासारख्या ग्रामीण भागातल्या माणसाशी काय संबंध, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी लेझीम, मग लेझर

लेझर समजून घ्यायला शाळेतली लेझीम बरी. मैदानात शंभर पोरं आपापल्या मनाने लेझीम वाजवत असतील तर नुसता गलका होतो. हलगीच्या ठेक्यावर सगळ्यांचा हात एकाच क्षणी पडला, तर तोच आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जातो. पोरं तितकीच, लेझीम तितक्याच. फरक फक्त ठेक्याचा.

प्रकाशाचंही तसंच आहे. घरातल्या बल्बमधून निघणाऱ्या प्रकाशलाटा म्हणजे गलका, कोणाचा कोणाशी मेळ नाही. लेझरमध्ये सगळ्या लाटा एका ठेक्यात निघतात. हिशेबच मांडायचा तर शंभर स्रोत बिनमेळाचे असतील तेव्हा ताकद शंभरपट होते. तेच शंभर स्रोत अगदी एका ठेक्यात आले, तर ताकद शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारपट होऊ शकते. लेझरची सगळी जादू या मेळात आहे.

पहिला लेझर अमेरिकेत १९६० साली थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. आज दुकानातल्या बारकोड मशीनपासून डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत आणि पत्रा कापायच्या कारखान्यापर्यंत लेझर पोचला आहे. या बहुतेक लेझरांना एक मर्यादा असते. त्यांचा प्रकाश एखाद्या खड्यातल्या, वायूतल्या किंवा चिपमधल्या अणूंकडून येतो. अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन ठरलेल्या पायऱ्यांवरूनच खाली उतरतो, त्यामुळे प्रकाशाचा 'रंग'ही जवळपास ठरलेला. दुसरा रंग पाहिजे असेल तर दुसरा पदार्थ शोधा.

इलेक्ट्रॉन 'मुक्त' झाला म्हणजे काय झालं?

अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन मेडी या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये वेगळाच विचार मांडला. इलेक्ट्रॉन अणूत बांधलेला कशाला पाहिजे? त्याला बाहेर काढू, जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळवू आणि त्याच्याकडूनच लेझर मिळवू. इलेक्ट्रॉन मोकळा, म्हणून लेझरचं नाव 'मुक्त इलेक्ट्रॉन'.

आता मोकळा इलेक्ट्रॉन प्रकाश देणार कसा? विजेचा भार असलेला कण सरळ पळत असतो, तेव्हा तो गप्प असतो. त्याला वळवलं की तो प्रकाश टाकतो. म्हणून त्याच्या वाटेवर चुंबकांच्या दोन रांगा लावतात, एक वर आणि एक खाली. चुंबकांची दिशा आलटून पालटून बदलत जाते आणि मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन जातो. एक चुंबक त्याला डावीकडं ढकलतो, पुढचा उजवीकडं. करंजी घाटातून एसटी जशी वळणं घेत जाते, तसा इलेक्ट्रॉन नागमोडी जातो आणि प्रत्येक वळणावर थोडा प्रकाश टाकतो. चुंबकांच्या या रांगेला 'अंड्युलेटर' म्हणतात.

इथं एक गंमत आहे. प्रकाश सरळ जातो आणि इलेक्ट्रॉन वळणं घेत, म्हणून इलेक्ट्रॉन जरा मागं पडतो. किती मागं? चुंबकांची एक जोडी ओलांडेपर्यंत बरोबर एक लाट. ज्या लाटेच्या लांबीला हा हिशेब जुळतो, त्याच लांबीचा प्रकाश वाढत जातो. बाकीचा विरून जातो.

आकड्यात पाहू. समजा चुंबकांचं एक पूर्ण आवर्तन ५ सेंटीमीटरचं आहे आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे २५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९८ टक्के. या वेगाला सापेक्षतेच्या नियमाने ५ सेंटीमीटरचं अंतर सुमारे पाच हजारपट आखडतं आणि साधारण १० मायक्रॉन लांबीची लाट मिळते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. चुंबकाची ताकद वाढवली की लाट थोडी लांब होते. इलेक्ट्रॉनचा वेग वाढवला की लाट आखूड होते. रेडिओवर स्टेशन लावतो तसं खुंटी फिरवून पाहिजे तो 'रंग' घ्यायचा. साध्या लेझरला हे एवढ्या मोठ्या पट्ट्यात जमत नाही.

आणि ठेका? तो प्रकाशच लावतो. अंड्युलेटरमध्ये तयार झालेली लाट मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ढकलते-ओढते. काही जरा पुढं सरकतात, काही जरा मागं राहतात. बघता बघता कोट्यवधी इलेक्ट्रॉन एकेका लाटेच्या अंतरावर गटागटाने जमतात. गट जमले की सगळे एकाच वेळी प्रकाश टाकतात. गलक्याची लेझीम होते ती इथं.

कल्पना १९७१ ची, इंदूरची पहिली खूण २०१६ ची

मेडी यांच्या गटाला १९७६ मध्ये दाखवता आलं की अंड्युलेटरमधून जाताना प्रकाशाची ताकद खरोखर वाढते. १९७७ मध्ये त्यांचा पहिला मुक्त इलेक्ट्रॉन लेझर पेटला. कल्पनेपासून पहिल्या किरणापर्यंत सहा वर्षं लागली होती.

इंदूरची संस्था १९८४ साली 'सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी' या नावाने सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. दिलीप देविदास भवाळकर. २००५ मध्ये तिला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचं नाव दिलं गेलं. लेझर आणि इलेक्ट्रॉन पळवणारी यंत्रं, म्हणजे त्वरक, ही तिची दोन मुख्य कामं. १९९९ मध्ये 'इंडस-१' आणि २००५ मध्ये 'इंडस-२' ही गोल त्वरक यंत्रं तिथं चालू झाली. 'इंडस-२'चा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. या यंत्रांत गोल फिरणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण आणि इतर प्रकाश देतात. देशभरातले संशोधक तिथं आपले नमुने घेऊन येतात. पण तिथं इलेक्ट्रॉन आपापला प्रकाश टाकतात, ठेका नसतो.

ठेक्याचं काम करणारं यंत्र म्हणजे इथला इन्फ्रारेड मुक्त इलेक्ट्रॉन लेझर. तो साधारण १२.५ ते ५० मायक्रॉनच्या लाटांसाठी आखलेला आहे. डोळ्याला न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा हा प्रकाश. नोव्हेंबर २०१६ मध्ये या यंत्रात लेझर पेटल्याची पहिली खूण मिळाली. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा तपशील २०१८ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात मांडला. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातही याच तत्त्वावरचा, आणखी लांब लाटांचा प्रकल्प हाती घेतलेला आहे.

आठवड्याच्या वहीत काय लिहिलेलं असतं?

बातमीत येते ती फक्त 'पहिली खूण'. तिच्या आधीचे शेकडो आठवडे बातमीत येत नाहीत. खरं काम त्या आठवड्यांत झालेलं असतं. जगात कुठंही असं यंत्र उभारताना टप्पे साधारण सारखेच असतात.

*पहिलं काम तांब्याचं.* इलेक्ट्रॉनला पळवणारी नळी शुद्ध तांब्याच्या कप्प्यांची असते. हे कप्पे लेथवर आणि मिलिंग मशीनवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या अचूकतेने कापावे लागतात. मग ते निर्वात भट्टीत एकमेकांना ब्रेझिंगने जोडतात. जोडणीत एक कप्पा बिघडला तर सगळी नळी पुन्हा करायची वेळ येऊ शकते. इथं कुणी उघड्या हाताने तांब्याला शिवत नाही. बोटाच्या ठशातलं तेलसुद्धा पुढं निर्वात पोकळीत वाफ होऊन त्रास देतं.

*दुसरं काम हवा काढायचं.* इलेक्ट्रॉनच्या वाटेत हवेचे रेणू आले की तो भरकटतो. म्हणून नळीतली हवा इतकी काढतात की आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक अब्जांशाहूनही कितीतरी कमी होतो. इथं सगळ्यात मोठा वैरी म्हणजे गळती. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की आपण ती पाण्याच्या टोपात बुडवतो आणि बुडबुडे बघतो. इथं उलटं करतात. आत निर्वात असतं आणि बाहेरून एकेका जोडावर हेलियम वायूची बारीक फुंकर मारतात. जिथं छिद्र असेल तिथून हेलियम आत ओढला जातो आणि आतलं यंत्र ओरडतं. कधी कधी एका सीलवरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या ओरखड्यामागं दोन-तीन आठवडे जातात. भाग उघडला की आत हवा शिरली. मग पुन्हा पंप लावा, पुन्हा नळी तापवून भिंतीला चिकटलेली वाफ काढा. 'या आठवड्यात प्रगती नाही' असं वहीत लिहिलेलं असतं, पण खरं तर त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त घाम गाळलेला असतो.

*तिसरं काम यंत्र रुळवायचं.* इलेक्ट्रॉनला पळवायला नळीत सेकंदाला साधारण तीनशे कोटी वेळा दिशा बदलणाऱ्या सूक्ष्मलहरी सोडतात. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्याच जातीच्या, पण कित्येक हजार पट ताकदीच्या. नव्या नळीला एकदम पूर्ण ताकद दिली तर आत ठिणग्या पडतात. नव्या ट्रॅक्टरला पहिले काही तास आपण जास्त लोड देत नाही, तसंच इथं ताकद थोडी थोडी वाढवतात. ठिणगी पडली की थांबायचं, दाब खाली येऊ द्यायचा, पुन्हा वाढवायचं. रात्रंदिवस पाळ्या लावून हे आठवडेच्या आठवडे चालतं.

*चौथं काम सरळ रेषेचं.* सगळे भाग एका रेषेत, मिलिमीटरच्या बारीक अंशापर्यंत बसवावे लागतात. त्यात उन्हाळा आडवा येतो. एक मीटर तांबं एका अंशाने तापलं तर सुमारे १७ मायक्रॉनने वाढतं. म्हणून नळीभोवती खेळवलेल्या पाण्याचं तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत स्थिर ठेवतात. बाहेर मे महिन्याचा फुफाटा असो की डिसेंबरची थंडी, यंत्राला ते कळता कामा नये. थंड पाण्याची आणि एसीची यंत्रणा सांभाळणारा माणूसही म्हणून तितकाच महत्त्वाचा.

*पाचवं काम झोत शेवटापर्यंत नेण्याचं.* रात्रीच्या लाइटला उठून ज्याने कांद्याला पाणी दिलं आहे, त्याला हे लगेच कळेल. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यायचं तर जागोजागी दारं धरावी लागतात. कुठं फुटलं तर पाणी भलतीकडं जातं. इलेक्ट्रॉनच्या झोताचंही तसंच. वाटेत छोटे चुंबक असतात, तीच दारं. जागोजागी चमकणारे पडदे सरकवून झोत कुठं पडतो ते कॅमेऱ्यात बघतात. आज झोत दुसऱ्या पडद्यापर्यंत पोचला, पुढच्या आठवड्यात तिसऱ्या. वहीत एवढी एक ओळ येते आणि त्या संध्याकाळी नियंत्रण कक्षात चहा जरा जास्त होतो.

*सहावं काम आरशांचं.* इन्फ्रारेड लेझरमध्ये अंड्युलेटरच्या दोन्ही टोकांना आरसे असतात. प्रकाशाचा ठोका आरशावर आपटून परत येतो आणि इलेक्ट्रॉनच्या पुढच्या गटाला बरोबर गाठतो. पुन्हा वाढतो, पुन्हा परततो. ही गाठ पडायची तर आरशांमधलं अंतर मायक्रॉनच्या हिशेबात जुळवावं लागतं. अंतर मीटरांत आणि चूक चालणार केसाच्या जाडीच्या काही भागाएवढीच! म्हणून मोटरने आरसा एकेक पाऊल सरकवायचा आणि डिटेक्टरकडं बघत बसायचं. दिवस जातात. मग एका जागी डिटेक्टरची रेघ अचानक नेहमीपेक्षा कित्येक पटींनी वर उसळते. हीच ती 'पहिली खूण'.

तिथंही काम संपत नाही. खूण मिळाल्यावर लेझर स्थिर करायचा, ताकद वाढवायची, बाहेरच्या संशोधकाला भरवशाने वापरता येईल असा करायचा. हा आणखी काही वर्षांचा रस्ता असतो. इंदूरलाही २०१६ च्या पहिल्या खुणेनंतर यंत्राच्या काही भागांत सुधारणा झाल्या आणि त्यानंतर ताकद वाढत गेली.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळचा युरोपीय क्ष-किरण लेझर ३.४ किलोमीटर लांबीचा आहे आणि बहुतेक भाग जमिनीखाली आहे. त्याचं बांधकाम २००९ मध्ये सुरू झालं आणि संशोधकांसाठी तो सप्टेंबर २०१७ मध्ये खुला झाला. आठवड्यांत मोजले तर चारशेच्या वर होतात. क्ष-किरणांना तसे आरसे लावता येत नाहीत, म्हणून तिथं शंभर मीटरहून लांब अंड्युलेटरमधून एकाच फेरीत काम उरकावं लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अशाच यंत्राने एप्रिल २००९ मध्ये पहिला क्ष-किरण लेझर दिला.

एवढं करून मिळतं काय?

गावाकडं हा प्रश्न पहिला येतो आणि तो रास्त आहे.

मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातलं फॅट आणि प्रोटीन इन्फ्रारेड प्रकाशाने तपासतात. फॅटचा रेणू एका ठरावीक लांबीची लाट शोषतो, प्रोटीनचा दुसऱ्या. कोणती लाट किती शोषली गेली यावरून दुधात काय किती आहे ते कळतं. म्हणजे प्रत्येक पदार्थाची इन्फ्रारेडमध्ये एक सही असते. दुधासाठी साधा दिवा पुरतो. पण नवे चुंबकीय पदार्थ, अर्धवाहक, अतिवाहक यांच्या सह्या फार लांब लाटांत आणि फार अस्पष्ट असतात. त्या वाचायला पाहिजे त्या रंगाचा आणि भरपूर ताकदीचा प्रकाश लागतो. इंदूरच्या यंत्राचा मुख्य उपयोग हाच, म्हणजे पदार्थविज्ञान.

क्ष-किरणांच्या मोठ्या लेझरांनी तर रेणूंच्या हालचालींची चित्रमालिका काढता येते. झाडाचं पान उन्हात पाण्याचे तुकडे करून प्राणवायू सोडतं, हे आपण शाळेत शिकलो. पानातलं ते प्रथिन नेमकं कोणत्या पायऱ्यांनी हे काम करतं, याचा अभ्यास अमेरिका आणि जपानच्या अशा लेझरांवर झाला आहे. त्यासाठी पाण्यातल्या सूक्ष्म हरित जीवांपासून काढलेली प्रथिनं वापरली. क्ष-किरणांच्या ठोक्याने नमुना जळून जातो, पण जळायच्या आतच त्याचं चित्र निघालेलं असतं.

आणि आपल्या कांद्याचं?

स्पष्टच सांगायचं तर मुक्त इलेक्ट्रॉन लेझरने कांद्याचा भाव वाढणार नाही. असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण इलेक्ट्रॉन पळवायची जी विद्या हे यंत्र बांधताना हाताला बसते, तीच विद्या शेतमालाच्या आणि दवाखान्याच्या कामाला येते.

इंदूरला चोइथराम चौकात देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी मंडी आहे. तिच्या परिसरात याच संस्थेने इलेक्ट्रॉन झोताने प्रक्रिया करणारं केंद्र उभारलं आहे. तिथल्या त्वरकातून १० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा झोत निघतो. अशा झोताने सिरिंज, हातमोजे, टाके घालायचं साहित्य अशा वैद्यकीय वस्तू पाकीट न उघडता निर्जंतुक करता येतात.

आपल्या शेजारी लासलगावला २००२ पासून कांद्यावर विकिरण प्रक्रिया करणारं केंद्र आहे. तिथं कोबाल्टमधून निघणारे गामा किरण वापरतात. थोड्याच मात्रेत कांद्याची मोड येण्याची प्रक्रिया थांबते. मग तिथं इलेक्ट्रॉन झोत का नाही? कारण इलेक्ट्रॉन पदार्थात काही सेंटीमीटरच शिरतात, भरलेल्या गोणीच्या मधोमध पोचत नाहीत. गामा किरण पोचतात. कुठं कोणतं साधन चालतं हे असं एकेका कामाला मोजूनच ठरतं. चाळीत कांदा साठवून मोड आलेला, सडलेला माल फेकून देणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक माहीत असलेला बरा.

किरणोत्सर्गाची भीती किती खरी?

'त्वरक' म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते. या यंत्रात अणुइंधन नसतं. इलेक्ट्रॉन विजेवर पळतात आणि वीज तोडली की झोत तिथल्या तिथं थांबतो. यंत्र चालू असताना मात्र क्ष-किरण तयार होतात. म्हणून ते जाड काँक्रीटच्या भिंतीआड ठेवतात आणि दार उघडलं तर यंत्र आपोआप बंद पडेल अशी साखळी लावतात. बंद केल्यावरही आतल्या भागांत काही उरलंय का ते मीटरने मोजूनच माणसं आत जातात.

आपल्या पोरांसाठी यात काय आहे?

असं यंत्र म्हटलं की डोळ्यापुढं पांढरा कोट घातलेला, आयआयटीतून आलेला शास्त्रज्ञ येतो. तो असतोच. पण वरची सहा कामं पुन्हा वाचा. तांबं कापणारा टर्नर-मशिनिस्ट, जोड मारणारा वेल्डर, पंप आणि जोड सांभाळणारा फिटर, हजारो व्होल्टच्या यंत्रणेला हात घालणारा इलेक्ट्रिशियन, सर्किट बसवणारा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, थंड पाण्याचं बघणारा रेफ्रिजरेशनवाला. शास्त्रज्ञाचं गणित बरोबर असलं तरी या हातांवाचून नळीत निर्वात टिकत नाही आणि झोत पुढं सरकत नाही.

हे सगळे ट्रेड आपल्याकडच्या आयटीआयमध्ये शिकवले जातात. पण पोरगा फिटर झाला की घरात एवढंच बोललं जातं की सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत चिकटला म्हणजे झालं. त्यात वाईट काही नाही. मात्र त्याच सर्टिफिकेटवर देशाच्या प्रयोगशाळेतही काम शिकता येतं, हे त्याला कुणी सांगतच नाही. इंदूरची संस्था आयटीआय झालेल्यांना ट्रेड अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेते, त्याच्या जाहिराती निघतात. ट्रेड, जागा आणि मुदत दर वेळी बदलते, म्हणून संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरची जाहिरातच बघावी, मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नये. अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटपासून दूर राहावं.

शाळांसाठीही एक गोष्ट. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ही संस्था विद्यार्थ्यांना आत बोलावून यंत्रं दाखवण्याचे कार्यक्रम घेत आली आहे. सहल ठरवताना शिक्षकांनी आधी पत्रव्यवहार करून चौकशी केली, तर महेश्वरचा घाट आणि राजवाड्याच्या जोडीला पोरांना हेही बघायला मिळू शकतं.

शेतात पेरलं की चार दिवसांनी कोंब दिसतो, पण फळबाग धरायला वर्षं लागतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डाळिंबाची किंवा आंब्याची बाग लावणारा पहिल्या वर्षी हिशेब मागत नाही. आळी करतो, पाणी देतो, छाटणी करतो आणि वहीत नोंद ठेवतो. इंदूरच्या त्या काँक्रीटच्या खोलीतही तेच झालं. पुढच्या वेळी असल्या यंत्राची दोन ओळींची बातमी दिसली, तर त्या दोन ओळींमागं किती आठवडे आणि किती फिटर-वेल्डर उभे आहेत, एवढं लक्षात असू द्या. आणि घरात आयटीआयला जाणारं कुणी असेल, तर त्यालाही ही बातमी वाचून दाखवा.